कांदा बंद, कॉफी बंद

औरंगपुऱ्यात बद्रीनाथ डॉक्टरांच्या होमिओपॅथीच्या दवाखान्यात बाक एकच. त्या गुरुवारी त्यावर जागा उरली होती ती एका अनोळखी माणसाशेजारी. चितेगावच्या कंपनीत सकाळपासून पॅकिंगला उभी राहून माझे पाय भरून आले होते, अर्धशिशीनं डावा डोळा मिटत होता. मी बसले आणि नाकाला कांदा झोंबला.

"पथ्य पाळत नाय का तुम्ही?" मी वैतागून विचारलं. समोरच पाटी होती – कांदा, लसूण, कॉफी बंद.

त्यानं तळवे पुढं केले. "लासूरच्या बाजारात कांदा मापतो, मापाडी हाय मी, सोनाजी. कांदा हाताला लागतो, पोटात नाय जात... सहा महिने झाले, नुसता बघतोय त्याच्याकडं."

इतक्या केविलवाण्या आवाजात बोलला की डोकं ठणकत असूनही मला हसू आलं.

डॉक्टरांचा एक नियम होता. आठवड्याचा पहिला डोस त्यांच्यासमोर घ्यायचा आणि पुढं अर्धा तास बाकावरच बसायचं. बाहेर सोडलं की पेशंट थेट चहाच्या टपरीवर जातो, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यामुळं दर गुरुवारी आम्हाला अर्धा तास मिळायचा... कोरडा.

"आज डाव्या डोळ्याचं काय म्हणणं?" सोनाजी विचारायचा.

"बरा आहे जरा."

"मग दोन्ही डोळ्यांनी बघा की इकडं."

दिवाळीपर्यंत माझं डोकं दुखायचं थांबलं. गोळ्यांनी की बाकानं, देव जाणे. पण डॉक्टरांना मी सांगत राहिले, "अजून दुखतंय." बरं वाटतंय म्हटलं असतं तर गुरुवार संपला असता. उरलेल्या सहा दिवसांत माझ्याकडं उभं राहण्याशिवाय होतं काय?

डॉक्टर गोळ्यांची पॉवर वाढवत गेले. एका गुरुवारी मला डोस दिला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हाळसा, चाळीस वर्षांत मी असा हरलो नव्हतो. तू आणि तो सोनाजी, दोघांनाही माझं औषध लागू पडत नाही. पुढच्या आठवड्यापासून मोठ्या दवाखान्यात जा. इकडं येऊ नका."

मी बाकावर येऊन बसले. सोनाजीला सगळं सांगितलं. तो माझ्याकडं वाकून "आता?" म्हणाला आणि मला पुन्हा कांद्याचा वास आला. हात तर स्वेटरच्या खिशात होते.

"कांदा खाल्लाय तुम्ही!"

"भजी..." तो पुटपुटला. "दोनच प्लेट."

"कधीपासून?"

"दसऱ्याला पोट बरं झालं, तवापासून."

"मग लासूरहून येता कशाला?"

तो फरशीकडं बघत राहिला. "तुम्ही कशाला येता? तुमचा डावा डोळा लई दिवस झाले मिटत नाय. मी बघतो ना..."

मला भांडायला हवं होतं, लाजायला हवं होतं. त्यातलं काहीच जमेना.

"मी लई थकले, सोनाजी. खोटं बोलूनही थकले. मला तुम्ही आवडता."

त्यानं खिशातून हात काढून माझ्या हातावर ठेवला. "मलाबी... बोलायला उशीर केला मी."

आम्ही दोघं आत गेलो आणि डॉक्टरांना खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे माझं औषध लागू पडलं होतं?"

"व्हय," सोनाजी म्हणाला.

त्यांनी चष्मा चढवला. घड्याळाकडं पाहिलं. "म्हाळसा, तू डोस घेतलायस. अजून वीस मिनिटं आहेत, बाहेर बस. मग चहा मी पाजतो."

बाकावर मी सोनाजीच्या खांद्यावर डोकं टेकवलं. स्वेटरलाही कांद्याचा वास होता. मी डोळे मिटले, या वेळी दोन्ही.

चहा कधी आला मला कळलंच नाही. मला उठवायचं जिवावर आलं म्हणून सोनाजीनं दोन्ही कप तसेच गार होऊ दिले होते.