बसला जागा होती

गाडी सुटली होती आणि ती गाडीमागे धावत होती... एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पायातून निसटलेली चप्पल.

“अहो! अहो बाटलीवाल्या बाई!” मागून कोणीतरी ओरडलं. “तुमचा डबा इथेच आहे!”

तिने वळून पाहिलं. खरंच की! अख्खी गाडी निघून गेली होती, शेवटचे दोन डबे तेवढे मागे राहिले होते, आणि त्यातल्या एकाच्या दारात उभा राहून एक उंच मुलगा पोट धरून हसत होता. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या लांबच्या कॉलेजातून घरी जायला मुलांपुढे दोनच वाटा होत्या. एक बस. संध्याकाळी बसलं की उजाडता घरी. अंग आंबून जायचं, पण वेळेवर पोहोचायचं. दुसरी ही रेल्वे. तिचे शेवटचे दोन डबे सकाळी जंक्शनवर तोडून बाजूच्या रुळावर उभे करत आणि दुसरं इंजिन येऊन ते ओढून नेईपर्यंत आतल्यांनी माश्या मारत बसायचं. मुलं त्या डब्यांना ‘सासुरवाडी’ म्हणत, कारण तिथे एकदा गेलं की लवकर सुटका नाही. शहाणी मुलं बसने जात.

“नवीन दिसताय,” तो म्हणाला होता.

“आणि तुम्ही फार मुरलेले?”

“मुरलेला म्हणजे... गुरांचा डॉक्टर होतोय.”

“तरीच! पेशंट उलट बोलत नाहीत, म्हणून जीभ एवढी सैल सुटलीय.”

त्यावर तो आणखीच हसला. ती बांधकाम शिकते, वडील गवंडी आहेत, हे कळल्यावर त्याने तिचं नाव ‘ओळंबा’ ठेवून टाकलं. कारण समोरच्या बाकावरची त्याची तिरकी बॅगसुद्धा तिने बोलता बोलता सरळ केली होती. ती त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागली. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर ती शहाणी कधी झालीच नाही. दर सुट्टीला रेल्वेने. आई म्हणायची, बसने का नाही गं येत? ती म्हणायची, बस लागते मला. इंजिन उशिरा आलं की डब्यातले सगळे रेल्वेच्या नावाने बोटं मोडायचे आणि ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसायची. तो शेंगदाणे सोलून आधी तिच्या हातावर ठेवायचा. ती त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण दाताने दोरा तोडून शिवून द्यायची. एवढंच. यापुढे गाडी हलत नव्हती.

आणि मग त्याचं शेवटचं वर्ष संपलं. तो एकदाचा घरी निघाला होता, परत न येण्यासाठी. त्याच दिवशी आईचा फोन आला.

“बाबांना जरा बरं नाहीये. तुझी आठवण काढतात. येऊन जा. पण घाई नाही हं, घाबरू नकोस.”

कॉलेजच्या फाटकाशी बसवाल्याचं टेबल असायचं. ती तिथे गेली. “आहे ना जागा,” बसवाला म्हणाला, “खिडकीचीच आहे.” ती टेबलासमोर तशीच उभी राहिली. आज ती बसने गेली तर तिचा ‘डॉक्टर’ जे बोलणार होता, ते कधीच बोलणार नव्हता. आई म्हणालीच होती ना, घाई नाही?

तिने आईला फोन करून सांगितलं, “बसला जागा नाही गं. रेल्वेने येते.”

त्या सकाळी ‘सासुरवाडी’त ऊन डब्याच्या पत्र्यावर चढत गेलं. घरी जरा काम आहे आणि बसला जागा नव्हती, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं; बसचं ऐकून तो गालातल्या गालात हसला होता. त्याला पहिली नोकरी लागली होती, आणि मुलाखतीत म्हशीने साहेबांच्या टोपीचं काय केलं ते तो साभिनय सांगत होता. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“ओळंबा,” मध्येच थांबून तो म्हणाला, “मी काय म्हणतो...”

“काय म्हणतोस?”

“घरी पोहोचलो की म्हणेन.”

“डॉक्टर, तुझ्यापेक्षा तुझी म्हैस बरी. जे करायचं ते करून मोकळी होते.”

तो लाजला. इंजिन अजून आलं नव्हतं.

दुपारी ती घरी पोहोचली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. तिला कोणी काही सांगायची गरज उरली नाही. बाबा सकाळीच गेले होते.

पुढचे दिवस तिने कसे काढले, तिचं तिला ठाऊक. माणसं येत, भिंतीला टेकून बसत आणि विचारत, “पोरीची भेट झाली का?” प्रत्येकाला आई तेच सांगे, “कुठली हो! बसला जागाच मिळाली नाही माझ्या लेकराला. तळमळत आली असेल.” आई तिची बाजू घेत होती आणि दर वेळी तिच्या काळजात सुरी फिरत होती.

एका सकाळी तो आला. बातमी त्याला मित्राकडून कळली होती. तो तिच्याकडे न बघता खाली सतरंजीवर बसला. आईने पाणी दिलं आणि त्यालाही तेच सांगितलं.

त्याने मान वर केली. बस अर्धी रिकामी गेली, हे त्याला माहीत होतं. त्याचा खोलीतला सोबती त्याच बसने गेला होता. तिचं खोटं तेव्हा ऐकून तो मनातून सुखावलाच होता.

“हो काकू,” तो सावकाश म्हणाला. “बस भरली होती त्या दिवशी.”

तिला ते ऐकवेना. आपल्यासाठी आणखी एक माणूस खोटं बोलत होता, तेही बाबांच्या घरात बसून.

“आई, बसला जागा होती,” ती म्हणाली. “खिडकीची होती. मी ह्याच्यासाठी रेल्वेने आले. मला हा आवडतो म्हणून.”

इतके दिवस जे बोलायचं राहिलं होतं, ते असं बोलून झालं. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

आईने तो घेऊन खाली ठेवला. मग तिने त्याला विचारलं, “सकाळी गाडी थांबली होती ना? तेव्हा ही काय करत होती?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“हसत होती, काकू.”

आईचा बांध फुटला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडता रडताच म्हणाली, “यायला हवं होतंस गं. बाबा दाराकडे बघत होते. मीही सांगायला हवं होतं तुला... डॉक्टरांनी आशा सोडली होती. मीच घाई नाही म्हटलं.”

माफ केलं असं आई म्हणाली नाही. लेकीनेही माफी मागितली नाही. ती आईला धरून बसली आणि तो दाराशी उभा राहिला, निघावं की थांबावं हे न कळून.

शेवटी ती त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. रस्ता मोकळा होता. दोघांमध्ये हातभर अंतर होतं आणि ते कमी करायचा धीर कोणालाच नव्हता.

“त्या दिवशी मी म्हणणार होतो...” तो म्हणाला.

“आज नको. ते ऐकलं की मला ती सकाळ आठवेल.”

“मग परत येऊ नको का?”

तिचा चेहरा या थोड्या दिवसांत सुकून गेला होता. तो वाट पाहत राहिला. वाट पाहायची सवय त्याला त्या डब्याने लावलीच होती.

“ये,” ती म्हणाली. “पण बसने ये.”

आणि मागे वळून न बघता ती आईकडे गेली.