शहाणे दिवे आणि इस्त्री

तिच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दारात मीटरवाला उभा राहिला तेव्हा ती शिवत बसली होती, तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्याच्या प्रश्नाला तिने नुसती मान हलवली. तेवढ्या होकारावर तिचं घर दिव्यांची वीज मोजण्याच्या प्रयोगात सापडलं.

पुढच्या खोलीत ती शिवणकाम करी. तिथे स्मार्ट दिवे बसले. मागे साधे एलईडी राहिले. दोन्हींना वेगळं मीटर. दर सोमवारी तो आकडे उतरवून घ्यायला येई. स्मार्ट दिवा बंद असतानाही थोडी वीज खातो, हे ऐकून तिने विचारलं, “झोपलेल्याला कसली भूक?”

“झोपत नाही तो. हाकेची वाट बघत असतो...” एवढं बोलून तो उगाच वहीत बघू लागला.

तीन महिन्यांनी प्रयोग संपत आला. आकडे जुळले की त्याचं येणं बंद. मग तिने काय करावं? कपड्यांची इस्त्री पुढच्या खोलीच्या मीटरवर जोडली. आकडा टुणकन वर गेला. तो बुचकळ्यात पडला – आणि आणखी आठ सोमवार येत राहिला.

नवव्या सोमवारी तो दिवे काढायला आला, तो पडलेल्या चेहऱ्यानेच. स्मार्ट दिवे साध्यांच्या कितीतरी पट वीज खातात, असं त्याने ऑफिसात ठासून सांगितलं होतं. सगळे हसले, साहेबांनी काम काढून घेतलं.

“चूक माझीच असणार,” तो म्हणाला.

तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण शब्द फुटला नाही, आणि या वेळी तोंडात टाचण्याही नव्हत्या.

तो गेल्यावर वडील पेपरमागून म्हणाले, “इस्त्री मी पाहिली होती, पोरी. वाटलं, तू सांगशील.”

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या ऑफिसात गेली. मान वर होईना.

“इस्त्री मी लावत होते. यांचं गणित बरोबर आहे... आकडे माझे खोटे.”

“पण का?” साहेबांनी विचारलं.

“हे... परत यावेत म्हणून.”

कोणी हसलं नाही. तेच तिला जास्त लागलं. तो दारापर्यंत सोडायला आला, कान लालबुंद.

“नुसतं ‘या’ म्हटलं असतं तरी आलो असतो.”

“लाज वाटली.”

“आणि आता?”

“आता तर जास्तच.”

“मग सोमवारी येतो. वही न घेता.”

दिवे परत बसवून इस्त्रीशिवाय पुन्हा मोजलं, तेव्हा तिच्या घरात साधे दिवेच किंचित कमी वीज खात होते. खोलीतून उठताना दिवा मालवायची तिला सवयच होती, त्यामुळे स्मार्ट दिव्याला वाचवायला काही उरतच नव्हतं. त्याला काम परत मिळालं. पुढे दोघांनी लग्नाचंही ठरवलं. वडिलांना मात्र ती लग्नाचं सांगू शकली नाही. त्यांच्या हातातल्या पेपरकडे पाहिलं की इस्त्री आठवून तिची नजर खाली जाई. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला.

वडील ते न ऐकताच त्याच वर्षी, बारा नोव्हेंबरला, दुपारी वारले.