फिडल म्हणायचं की व्हायोलिन?

बस मध्येच बंद पडली आणि सगळे पावसात उतरून मागून आलेल्या दुसऱ्या बसकडे पळाले. त्या धांदलीत तिने फळीवरची काळी पेटी उचलली, एका उंच तरुणाने शेजारची. "आधी तुम्ही," तो दारात अंग चोरत म्हणाला. त्याच्या भुवईवरून एक थेंब ओघळत होता... तिने उगाचच दोनदा वळून पाहिलं.

तालमीच्या हॉलमध्ये तिने पेटी उघडली, तर आतलं व्हायोलिन भलतंच! मखमलीऐवजी जुना निळा टॉवेल, तारांखाली साचलेली, गजाला लावायच्या राळेची भुकटी, कोपऱ्यात जनावरांच्या डॉक्टरचं कार्ड! आणि नेमकं आजच वाद्यवृंदाचे संचालक एकल वादनासाठी तिला ऐकणार होते. तिने देवाचं नाव घेऊन गज टेकवला. एक तार वाजवली, तर शेजारचीही मध्येच बोलली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"शुक्रवारी पुन्हा ऐकतो," संचालक म्हणाले. "शेवटचं."

तिने कार्डावरचा नंबर फिरवला. "माझं व्हायोलिन तुमच्याकडे आहे!"

"आणि माझी फिडल तुमच्याकडे. रुसली नाही ना?" पलीकडे गाय हंबरत होती. "संध्याकाळी टेकडीखालच्या हॉलवर या. तिथे आम्ही नाचासाठी वाजवतो."

"माझ्या व्हायोलिनला हात—"

फोन कट झाला होता.

चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवूनच ती गेली. पण दारातच तिचा पाय अडला. तिचं व्हायोलिन त्याच्या खांद्यावर होतं. वडिलांनी दिलेलं, बोटाचा ठसाही उमटू नये म्हणून तिने जिवापाड जपलेलं! त्याचा गज तारांवर छोट्या छोट्या उड्या मारत होता, टाच लाकडी फळ्यांवर ठेका धरत होती, आणि अख्खा हॉल गरगर फिरत होता. एक म्हातारी तर चपला भिंतीशी भिरकावून अनवाणीच नाचत होती. आपण इतकी वर्षं उशाशी ठेवलेल्या या वाद्याच्या पोटात एवढं हसू होतं?

नाच संपल्यावर तो ओशाळून पुढे आला. "सॉरी... लोक खोळंबले होते."

ओठांवर आलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं. "फिडल आणि व्हायोलिनमध्ये फरक तरी काय असतो हो?" तिने विचारलं.

"वाद्य एकच. मी वाजवलं की लोक बसत नाहीत, तुम्ही वाजवलं की उठत नाहीत."

"मग तुमच्या दोन तारा एकदम का बोलतात?"

"ज्या घोडीवर तारा टेकतात ना, ती मी घासून जरा सपाट केलीय. एकट्या तारेला करमत नाही."

"तारेला... की वाजवणाऱ्याला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आता तुम्ही वाजवा," एवढंच कसंबसं म्हणाला.

हॉल रिकामा होत होता. तिने आपलं व्हायोलिन घेऊन शुक्रवारी ऐकवायची संथ रचना सुरू केली. पहिला सूर लांबत गेला, बारीक झाला, पण तुटला नाही. खुर्च्या रचणारे हात थांबले. दरवेळी ती चुका मोजत वाजवायची; आज मोजायचं राहूनच गेलं. शेवटचा सूर विरला तरी कुणी हललं नाही.

तो मंचाच्या कडेला बसला होता, डोळे भरून आलेले. "हे... यात होतं? मी एवढा वेळ वाजवलं, मला कसं नाही सापडलं?"

"मलाही आत्ताच सापडलं," ती हळूच म्हणाली.

शुक्रवारी एकल वादन तिला मिळालं. कार्यक्रमाला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, कॉलरवर गवताची काडी तशीच. नंतर बाहेर, वळचणीखाली, दोघं पाऊस ओसरायची वाट पाहत उभे राहिले.

"उद्या हॉलवर येशील?" त्याच्या तोंडून निसटलं. "म्हणजे... याल का?"

"येशीलच बरं होतं."

त्याने मोठा श्वास घेतला. "मग उरलेलंही बोलून टाकतो. मला तू फार आवडतेस. मी तुला? सकाळी गोठ्यात गाईसमोर तालीम केली, तेव्हा सोपं वाटलं होतं."

"गाय काय म्हणाली?"

"रवंथ करत राहिली."

ती खळखळून हसली आणि तिने त्याच्या कॉलरवरची काडी काढली.

"मला नाही गाईएवढा वेळ लागत," ती म्हणाली. "हो."