दुसरा नंबर

नंदाबाईनं कुत्र्याला गोठ्यात ढकललं, बाहेरून कडी लावली आणि अंगणात येऊन उभी राहिली, तोवर शेजारची कोमल फाटकाशी पोचलीच होती.

"काळू कुटं हाय, मावशी?"

"गेला आसंल वढ्याकडं. सकाळधरनं दिसला न्हाई."

त्याच क्षणी गोठ्याच्या दारावर नखं घासल्याचा आवाज आला... एकदा, मग पुन्हा. कोमलनं तिकडं पाहिलं. नंदाबाई तिची नजर चुकवत म्हणाली, "पाखऱ्या आज लय पाय आपटतोय."

पाखऱ्या हा त्यांचा म्हातारा बैल. बैलाच्या खुरांचा आवाज कसा असतो हे औंढ्यातल्या पोरीला सांगावं लागत नाही. पण कोमल फाटकातूनच मागं वळली. ती तळेगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली होती आणि शाळेच्या मैदानावर भरलेल्या रेबीजच्या शिबिरात यादी करायला मदत करत होती. लशीबरोबर तिथं आज एक यंत्रही आलं होतं. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली असली, तर यंत्र जवळ नेताच तिचा पंधरा आकडी नंबर उमटतो, त्यावरून मालकाचं नाव आणि फोन सापडतो, असं तिनं नंदाबाईला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. चिपमध्ये बॅटरी नसते, कुत्रं कुठं आहे हे ती सांगत नाही, फक्त कुणी विचारलं तर कुणाचं आहे एवढं सांगते.

आणि नेमकं तेच नंदाबाईला नको होतं.

काळू भाद्रपदात आला. एका सकाळी तिनं दार उघडलं तर काळपट तपकिरी रंगाचं, एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखं दिसणारं कुत्रं पायरीखाली शांत बसलेलं, गळ्यात दोरीचा तुकडा. भुंकलं नाही, शेपूट घातली नाही. जणू इथंच बसायला त्याला कुणी सांगितलं होतं... कुणाच्या तरी हाताला सरावलेलं जनावर होतं ते. कोमलनं त्याचा फोटो काढून, खाली नंदाबाईचा फोन नंबर लिहून हरवलेल्या कुत्र्यांच्या ग्रुपवर टाकला. पहिले चार दिवस नंदाबाईनंही मालकाची वाट पाहिली. पण पाचव्या दिवशी ती चुलीपुढं एकटीच बसली असताना त्यानं येऊन तिच्या मांडीवर मान टाकली, आणि त्या घटकेपासून तिनं अनोळखी नंबर उचलणं सोडून दिलं.

चार वर्षांत त्या घरात तिला असं कुणी चिकटून बसलं नव्हतं.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा मारुती. तिसरा होता सत्यम, त्यांचा एकुलता मुलगा. चार वर्षांपूर्वी यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीला मारुतीनं पाखऱ्या उतरवला होता. शर्यतीआधी डॉक्टर बैल तपासत होते. पाखऱ्याचा मागचा पाय आदल्या दिवशीच सुजला होता आणि मारुतीनं चिखल माखून ती सूज झाकली होती. सत्यम पुढं झाला, त्यानं स्वतःच्या हातानं तो चिखल पुसला आणि डॉक्टरांना सूज दाखवली. मग पंचांनी भोंग्यावरून मारुतीचं नाव पुकारून गाडा बाद केला. शर्यतीच्या सगळ्या घाटात हशा पिकला...

घरी आल्यावर मारुतीनं पोरावर हात उगारला नाही. त्यानं नंदाबाईचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "ह्याच्याशी एक शबूद बोललीस, तर माजं मेलेलं तोंड बघशील."

सत्यम उंबऱ्याबाहेर उभा होता, आईच्या चेहऱ्याकडं पाहत. तिनं हात मागं घ्यावा म्हणून... तेवढ्याचसाठी. तिनं घेतला नाही. नवऱ्याच्या जिवावरची शपथ. जिला घातली तिनं नव्हे, ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं. मारुती ते कधी म्हणाला नाही. सत्यम तळेगावजवळ घोरावाडी स्टेशनापाशी खोली घेऊन राहतो, कुठल्याशा जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, एवढं गावातून तिच्या कानावर आलं होतं. कान उघडे ठेवले, ओठ मात्र शिवलेलेच. त्याचा नंबर तिच्याकडं होता. शेकडो वेळा तिनं तो काढून पाहिला आणि तसाच मिटला.

काळूनं त्या मुक्या घरात एक गंमत आणली होती. मारुतीनं दावणीकडं जाताना "पाखऱ्या" म्हणून साद घातली, की बैल मान वळवायच्या आत हा कुत्रा धावत पुढ्यात हजर. "तुला न्हाई बोलावलं, येड्या, तुला काय शिंगं हायती व्हय?" असं म्हणत मारुती त्याला ढोपरानं ढकलायचा, पण ढकलणाऱ्या ढोपरात राग नसायचा. भाकरीचा शेवटचा तुकडा तो मुद्दाम खाली पाडतो, हेही नंदाबाईच्या ध्यानात आलं होतं.

कार्तिकात दोन दिवस एक अनोळखी नंबर सारखा वाजत राहिला. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी... मालकच असणार, आता माझं लेकरू मागणार, या भयानं तिनं फोन डाळीच्या डब्यात घालून झाकण लावलं. तिसऱ्या दिवशी तो वाजायचा थांबला. त्या दिवशी तिनं काळूला दुधात भाकरी कुस्करून घातली.

संक्रांतीनंतर काळूनं खाणं सोडलं. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, उभं राहिलं की मागचे पाय कापायचे. गोचिडाचा ताप असेल, लोणावळ्याला न्या, असं कोमल म्हणाली. नंदाबाई हो म्हणेना. दवाखान्यात ते यंत्र असणार. शेवटी मारुतीनंच त्याला घोंगडीत गुंडाळून उचललं, टेम्पोत ठेवलं, कोमललाही बरोबर घेतलं आणि बायकोला म्हणाला, "मरू द्यायचं हाय का त्याला? चल, बस."

डॉक्टर अनघा तरुण होत्या, बोलणं थोडं. त्यांनी रक्त घेतलं, सलाईन लावलं, मग टेबलाच्या खणातून यंत्र काढून कुत्र्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध फिरवलं. आवाज झाला नाही. पुन्हा फिरवलं. काहीच नाही.  काळू नंदाबाईचाच होता, कायमचा...

"कधी कधी चिप खाली सरकते," असं म्हणत डॉक्टरांनी यंत्र खांद्यावरून पुढच्या पायाकडं नेलं. कोपराशी आलं आणि ते वाजलं.

त्यांनी आकडे संगणकात घातले. वाचताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?"

"नंदाबाई मारुती खांडभोर. का वो?"

"मग हा हरवलेला कसा? कुत्रं तुमच्याच नावावर आहे. नाव नंदाबाई मारुती खांडभोर, गाव औंढे, फोनही कागदावर लिहिलाय तोच. सप्टेंबरमध्ये मालकी बदलून तुमच्या नावावर केलेली आहे. कुत्र्याचं नाव... पाखऱ्या."

घोंगडीतल्या कुत्र्यानं कान टवकारले.

मारुतीनं भिंतीला हात टेकला. डॉक्टर पुढं वाचत होत्या: पहिला मालक सत्यम मारुती खांडभोर; पहिला नंबर लागला नाही तर लावायचा दुसरा नंबरही त्याचाच. कोमलनं तो लावला. बंद होता. चिप बसवली होती तळेगावच्या डॉक्टर राजेश्वरींनी, सत्यम काम करायचा तो दवाखाना त्यांचाच. अनघा त्यांना ओळखत होत्या; त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

सत्यमचं नाव सांगून झाला प्रकार कळवला. पलीकडून राजेश्वरी म्हणाल्या, "त्याच्या आई आहेत का तिथं? ... मावशी, सत्यम नाही आता. नोव्हेंबरात गेला."

रक्ताचा कर्करोग होता. उन्हाळ्यात कळलं, पावसाळ्यात अंगातलं बळ गेलं. बाईंनी अनेकदा विनवलं, घरी कळवू का. तो नको म्हणायचा. शपथेचं त्यानं त्यांना सांगितलं होतं. कुत्रा आईच्या नावावर करून घेतला, दुसरा नंबर स्वतःचा लिहायला लावला आणि एका पहाटे रिक्षानं औंढ्याच्या फाट्यापर्यंत जाऊन त्याला दारात बसवून आला. आई कुत्र्याला हाकलणार नाही, कधीतरी कुणीतरी तपासेल, नंबर निघेल, असं तो म्हणायचा. त्यानं फोन केला नाही, तिनं केला नाही, यंत्रानंच जोडून दिलं. मग शपथ मोडली असं कुणाला म्हणता येणार नाही. बाई हसल्या होत्या त्याला, एवढा लांबचा रस्ता कशाला म्हणून. त्यानंतर तो फोन उशाशी घेऊन झोपायचा.

"शेवटच्या दोन दिवसांत मीच तुम्हाला लावत होते, त्याच्या नकळत," राजेश्वरी म्हणाल्या. "किती वेळा लावला... शुद्धीत होता तो तेव्हा. मला वाटलं, तुम्ही ठरवून उचलत नाही. माफ करा, मावशी. मी यायला हवं होतं."

नंदाबाई रडली नाही. तिला डाळीचा डबा दिसत होता, झाकण लावलेला... आणि आत, डाळीत रुतून थरथरणारा फोन. लेकराकडची हाक वाजत असताना तिनं स्वतःच्या हातानं झाकण घट्ट केलं होतं, ते कशासाठी, तर त्यानंच पाठवलेलं कुत्रं कुणी तिच्याकडून नेऊ नये म्हणून!

 घरी आल्यावर मारुती गोठ्यात गेला आणि पाखऱ्याच्या मागच्या पायाशी उकिडवा बसला. ज्या सुजलेल्या पायावर त्या दिवशी तो बैलाला पळवणार होता, तो पाय आज चार वर्षांनीही जमिनीवर नीट टेकलेला होता. मारुतीनं पायावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, चिखल पुसावा तसा.

मग दारातल्या नंदाबाईकडं न पाहता तो म्हणाला, "सुटली."

तिनं ऐकलं नसेल असं वाटून त्यानं पुन्हा म्हटलं. "सुटली गं तुजी शपथ... सुटली."

"आता कुणाशी बोलू?" तिनं विचारलं.

 तो बैलाच्या पायाला कपाळ टेकून रडू लागला, घशातून, लाज सोडून, आणि ती तिथंच उभी राहून त्याच्याकडं पाहत राहिली. डोळे पुसायला पुढं झाली नाही. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, त्याची औषधाची गोळी ताटाच्या कडेला ठेवायला विसरायची नाही. शब्द मात्र एकही नाही. चार वर्षं ज्याच्यासाठी मुकी राहिली, त्याच्यासमोरच ती आता मुकी झाली. मारुतीनं तक्रार केली नाही. तळेगावला जाऊन तो पोराची पेटी घेऊन आला: दोन शर्ट, एक फोन, कुत्र्याचा एक जुना पट्टा. तो पट्टा त्यानं गोठ्याच्या खुंटीला अडकवला.

कुत्रा सावरला. आठव्या दिवशी सकाळी नंदाबाईचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. आता ती असा प्रत्येक फोन पहिल्या घंटीला उचलते.

डॉक्टर अनघा होत्या, दुसऱ्या फोनवरून. पाखऱ्याची चौकशी केली, उरलेल्या गोळ्यांचं सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाल्या, "मावशी, नोंदीतला तो दुसरा नंबर... तो आता बंद आहे. उद्या कुत्रं खरंच हरवलं आणि तुमचा फोन लागला नाही, तर सापडून उपयोग होणार नाही. घाई नाही. पण बदलायचा असेल तर सांगा."

नंदाबाई अंगणात उभी होती. तो नंबर खोडायचा म्हणजे... तिच्या हातात लेकराचं एवढंच तर उरलं होतं, दहा आकडे. पण वाजणारा फोन कुणी न उचलणं म्हणजे काय, हे आता तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बंद नंबर ठेवायला सत्यमच पहिला नको म्हणाला असता.

समोर मारुती बैलाला पाणी दाखवत होता. "पाखऱ्या," तो पुटपुटला, आणि कुत्रा ओसरीवरून उठून त्याच्या पायाशी गेला. या वेळी मारुतीनं त्याला ढकललं नाही.

नंदाबाई अंगण ओलांडून गेली आणि फोन त्याच्यापुढं धरला.

"तुमचा नंबर सांगा बाईंला."

आठ दिवसांत त्याच्याशी बोललेला तिचा पहिला शब्द. मारुतीनं ओले हात धोतराला पुसले, फोन घेतला आणि एकेक आकडा सांगू लागला. सहावा आकडा चुकला, आणि तो थांबला.

"पयल्यापासनं सांगा," नंदाबाई म्हणाली, आणि तो पुरता सांगून होईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहिली.