अज्ञात चालणार नाही

"काजलनंच केलं!" असं म्हणतच अश्वजित मास्तर पौर्णिमा थूलच्या वर्ध्यातल्या ऑफिसात शिरले. तिनं खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"काय केलं ते तर सांगा," पौर्णिमा म्हणाली. खाजगी तपासाच्या धंद्यात तिनं एक गोष्ट पक्की ओळखली होती. लोक गुन्ह्याआधी गुन्हेगाराचं नाव सांगतात.

मास्तरांनी सांगितलं. आंजी मोठी गावच्या बौद्ध विहारातल्या वाचनालयात त्यांनी बायांची गाणी जमवली होती. प्रत्येक गाण्याची एक एक्सएमएल फाईल. तिच्यात शब्द, गायिका, रचनाकार, सगळं आपापल्या कप्प्यात. नागपूरचा एक संग्रह ही गाणी कायमची जपणार होता. पण प्रत्येक फाईल तपासणीत पास झाली, तरच. आणि पाठवायची मुदत आज संध्याकाळपर्यंत.

"काल सगळ्या पास होत्या, मी डोळ्यानं पाह्यलं. आज दुपारी सगळ्या फेल! टाईप काजलनं केल्या. परवाच माह्यासंगं भांडली ते. तिले काढून टाकतो."

"भांडली काऊन?"

"धुरपता आजीचं नाव तिच्या गाण्यावर टाका म्हणे. मी म्हटलं, नावाचं मागून पाहू, आधी पाठवू."

भैय्याजींनी गाडीची किल्ली खिशात परत टाकली. एसटीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ पौर्णिमाची गाडी चालवायचा आणि तिच्याआधी निकाल देऊन मोकळा व्हायचा. "चोर तर सापडला, ताई. आता जायचं कायले?"

"किल्ली काढा," पौर्णिमा म्हणाली.

विहाराच्या बाजूच्या खोलीत संगणक होता. काजलचे डोळे लाल झाले होते, पण मान ताठ होती.

"तपासणी चालवून दाखव," पौर्णिमा म्हणाली.

काळ्या खिडकीत काजलनं एका ओळीची आज्ञा टाईप केली. एक्सएमएललिंट नावाचं ते अवजार गाण्याची फाईल नियमांच्या फाईलीशी ताडून बघायचं. पडदा तक्रारींनी भरला. सगळ्यांचं रडगाणं एकच होतं: रचनाकाराच्या कप्प्यात 'अज्ञात' चालणार नाही.

"हे 'अज्ञात' कोणी लिहिलं?"

"मीच. मास्तरांनी सांगतलं, सगळ्याईत तेच टाक. कोणतं गाणं कोणाचं, मले पाठ आहे. पण ऐकतं कोण?"

"फाईली शेवटच्या कधी बदलल्या, ते दाखव."

गाण्यांच्या साऱ्या फाईली जुन्या तारखेच्या होत्या. नियमांची फाईल तेवढी आज सकाळी बदललेली.

"म्हणजे गाण्याईले कोणी हातच नाई लावला," पौर्णिमा म्हणाली. "मोजायची पट्टीच बदलली. हे दुरून करता आलं असतं?"

"नाई. रस्ता खोदून राह्यले ना, सकाळपासून दुपारपर्यंत नेट बंदच होतं. इथं बसूनच केलं कोणीतरी. वंदनेच्या वेळी सगळे तिकडं सभागृहात असतात अन् ही खोली उघडीच राह्यते."

पासवर्ड तिघांनाच ठाऊक होता: मास्तर, काजल आणि नियमांची फाईल लिहिणारा अमर.

अमर अल्लीपूरकडचा गोंड पोरगा, हुशार आणि अबोल. मास्तरांचा फोन गेल्यावर मोटारसायकलवर आला होता.

"आत्ताच येऊन राह्यलो घरून," तो म्हणाला. "काल संध्याकाळी इथून निघालतो, ते आताच पाय ठेवला इथं."

"ही गाणी ऐकली का कधी?"

"थोडीफार." त्याचा चेहरा खुलला. "पण धुरपता आजी म्हणजे जबरदस्त! 'माईक धरला हाती, धुरपताले कायची भीती!' आहे का तोड?"

"नाही," पौर्णिमा हसून म्हणाली आणि बाहेर गेली.

व्हरांड्यात धुरपता आजी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पौर्णिमा शेजारी बसून सोलायला लागली. भैय्याजी सोलायच्या ऐवजी खायला लागले.

"गाण्यात सोताचं नाव काऊन घालता, आजी?"

"मंग? शेवटच्या कडव्यात रचणारीनं नाव घालायचंच. आमच्या साऱ्या जणी घालतात. नाई तर मागच्याईले कसं कळन, कोणाचं हाय ते?"

"नवं काही रचलं का?"

"काल राती जुळलं. आज वंदना झाल्यावर माईकवर म्हटलं." आजीनं शेंगा खाली ठेवल्या आणि खणखणीत आवाजात गायली. शेवटी आलंच, 'माईक धरला हाती, धुरपताले कायची भीती'.

"मीबी आजच पहिल्यांदा ऐकलं," दारातून काजल म्हणाली.

पौर्णिमा उठली. "भैय्याजी, तोंड पुसा अन् सगळ्याईले आत बोलवा."

सगळे जमले. मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

"मास्तर, काजलले आजीचं नाव पाहिजे होतं," पौर्णिमा म्हणाली. "मंग तिनं काय केलं असतं? फाईल उघडून नाव लिहिलं असतं. तिले तर सगळी गाणी पाठ आहेत. नियम बदलायची तिले गरजच नव्हती. नियम त्यानं बदलला, ज्याले कोणतं गाणं कोणाचं हे माहीत नाई. पण एकही गाणं बिनधन्याचं नाई, हे पक्कं माहीत आहे."

मास्तरांनी काजलकडे पाहिलं.

"हे काम आज सकाळी, याच खोलीत झालं. अमर म्हणतो, तो आत्ताच आला. पण आजीचं जे कडवं त्यानं म्हणून दाखवलं, ते आज वंदनेनंतर पहिल्यांदा गायलं गेलं. फक्त इथंच. इथं नव्हता, तर ऐकलं कुठं?"

"अरे!" भैय्याजी म्हणाले. "मी तर म्हटलं, पोराले गाण्याचा शौक आहे."

अमरनं मान खाली घातली नाही. "मीच केलं. 'अज्ञात' चालन, असा नियम मीच लिवला होता. काल सगळ्या फाईली पास झाल्या अन् मले रातभर झोप नाई. माह्या मायचं गाणं एका पुस्तकात छापलं. खाली काय लिवलं? अज्ञात. माय घरात जिती होती, तिले विचारलंबी नाई कोणी. मास्तर, तुमाले सांगतलं असतं तर तुमी म्हणले असते, मागून पाहू." तो काजलकडे वळला. "काजल, तुह्यावर नाव येईन असं वाटलं नाई. आल्यावर लगेच बोलाले पाह्यजे होतं. चुकलो."

पौर्णिमाला त्या पोराचा अभिमान वाटला, आणि तिनं तो लपवला नाही. "मास्तर, तक्रार कोणाविरुद्ध लिहू?"

मास्तर पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. "काजल, माफ कर बाई. नावं टाक. लवकर."

मग विहारात घाई उडाली. आजी शेवटची कडवी म्हणायची, काजल नावं लिहायची, मास्तर शेंगांची टोपली धरून उभे राहायचे. ऊन उतरता उतरता अमरनं आज्ञा दिली. पडदाभर पास, पास. तळाशी एकच फाईल अडून बसली होती.

काजलनं ते गाणं वाचलं. "आजी, हे एक मलेबी ठाऊक नाई. यात शेवटी नावच नाई."

"जाऊ द्या," भैय्याजी म्हणाले. "एवढं एक अज्ञात."

"अज्ञात कायले?" आजी कडाडली. "माह्याच जात्यावर बसून रचलं तिनं. मी म्हटलं, नाव घाल. लाजली. मंग मरूनच गेली बिचारी." तिनं डोळे पुसले आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "लिव. कोकिळा."

काजलनं लिहिलं. अमरनं पुन्हा तपासलं.

"काय म्हणते मशीन?" आजीनं विचारलं.

"पास म्हणते, आजी. सगळ्या जणी पास."

"मंग पाठव," आजी म्हणाली आणि पदर सावरून ताठ बसली.