नॉबवरचं बोट

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. तेही भर दुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. बाळ झोपलंय तोवर लिहून काढते.

बाळाचे बाबा मिलिंग मशीनवर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यातून साचा कोरायचा, तर आधी नको तो धातू भराभर काढावा लागतो. त्याला रफिंग म्हणतात. जुन्या पद्धतीत कटर ठोकळ्यात घुसवून हळूहळू रेटायचा, वरून कूलंटची, म्हणजे गार ठेवणाऱ्या दुधाळ पाण्याची धार. यांनी नवी पद्धत बसवली. कटर पूर्ण खोल उतरवायचा, पण बाजूने कांद्याच्या पापुद्र्याएवढाच काप घ्यायचा आणि भन्नाट पळवायचा. कूलंट बंद, नुसता हवेचा झोत. उष्णता कापल्या धातूच्या चिप्सबरोबर उडून जाते, कटर जास्त टिकतो.

"एका कटरमध्ये अख्खा साचा काढून दाखव," साहेब म्हणाले होते. "रात्रपाळी सुटली म्हणून समज."

यांनी बाळाला आजवर बहुतेक झोपलेलंच पाहिलं होतं.

चाचणीसाठी मशीन मिळालं ते मास्तरचं. मास्तर म्हणजे जुना सेटर, मशीन लावून देणारा. कटर कोपऱ्यात शिरला की नॉब फिरवून वेग कमी करायचा, ही त्याची जन्माची खोड. त्याच मशीनमध्ये त्याची तर्जनी गेली. चिप्सच्या ढिगात शोधली, कूलंटच्या टाकीत शोधली.

मिळाली नाही.

जखम चिघळली आणि मागोमाग मास्तरही गेला.

"बोट सापडलं तर माझ्याकडे आण हं," जेवायला जाताना तपासणीवाला म्हणाला. "माप घेऊन ठेवतो."

"जा बाबा, डबा गार होईल तुझा," हे म्हणाले.

सगळे गेले. हे एकटेच उरले.

कटर एका सुरात चालला होता. मग पहिला कोपरा आला...

आवाज खाली बसला.

वेगाचा नॉब शंभर टक्क्यांवर होता. आता साठावर दिसत होता. यांनी पुन्हा शंभरावर नेला.

पुढचा कोपरा...

नॉब यांच्या डोळ्यांदेखत मागे फिरला.

नवी पद्धत हळू चालत नाही. पातळ काप मंद घेतला की कटर कापत नाही, नुसता घासतो. धार जाते. यांनी नॉब चिमटीत घट्ट धरला.

तेव्हा वास आला... कुजलेल्या कूलंटचा.

टाकी तर धुऊन कोरडी ठेवलेली होती.

नॉब कोमट होता. ओला होता. बोटांच्या फटींतून पांढरट, चिकट काहीतरी पाझरू लागलं, नासक्या दुधाच्या सायीसारखं. त्यात बारीक चिप्स होत्या. एक पिकला केस होता.

आणि यांच्या तर्जनीवर... दुसरं बोट टेकलं.

मऊ. फुगलेलं. मधोमध चिरलेलं जाड नख यांच्या कातडीत रुतत होतं. ते बोट नॉब मागे ढकलत होतं.

हात झटकून पळावंसं वाटत होतं. पण नॉब सोडला असता तर कटर गेला असता, आणि कटरबरोबर बाळाची संध्याकाळही.

"मास्तर, राहू द्या," हे पुटपुटले. "घरी लहान बाळ आहे."

बोटाचा दाब हलला नाही. साचा पूर्ण होईपर्यंत दोघंही नॉब धरून होते.

साहेबांनी कटर भिंगाखाली पाहिला. धार जशीच्या तशी.

"जिंकलास. पण आधी हात धू रे, कसला वास मारतोय?"

आता हे रोज संध्याकाळी घरी असतात. हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतात. बाळाला दात येताहेत, हाती लागेल ते चावतं. बाबांची बोटंही चावतं. उजवी तर्जनी तेवढी तोंडात घेत नाही. ती जवळ आली की त्याला उमासे येतात.

परवा तपासणीवाला बाळाला बघायला आला होता. हे त्याच्यासमोर बाळाला खेळवत होते. एवढा थट्टेखोर माणूस, पण यांच्या हाताकडे बघता बघता त्याने कप खाली ठेवला.

"हे नख..." एवढंच म्हणाला, आणि चहा तसाच टाकून उठला.

मला आधी वाटलं होतं, मार लागून चिरलं असेल.

बाळ उठलं वाटतं. बाबा त्याला घ्यायला गेलेत. उजवा हात लावू नका, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?