ओढपट्टी

राखणदलाच्या भरतीसाठी वाघजाईवाडीत त्या सकाळी बंदुकांच्या आधी पट्ट्या आल्या. यादवीचं तिसरं वर्ष होतं. फौज खाली मैदानात अडकलेली आणि डोंगर रानवाल्या बंडखोरांच्या टोळ्यांच्या ताब्यात, म्हणून गावांनी आपली राखण आपणच करावी असं ठरलं. पण शेजारच्या खोऱ्यात दलातल्याच बारा जणांनी बंदुकांसकट रानाची वाट धरली. तेव्हापासून मनगटाला ओढपट्टी बांधल्याशिवाय कुणाच्या हाती बंदूक पडत नव्हती.

रीत साधी होती. शाळेच्या बंद खोलीत यंत्र गावातल्या कर्त्या माणसांची नावं घरांच्या ओळीने वाची आणि भरती होणाऱ्याने प्रत्येक नाव मोठ्याने म्हणायचं. म्हणताक्षणी रक्तात जी बारीक उलथापालथ होई, ती पट्टी टिपे आणि शंभरापैकी आकडा दाखवी. तोच आकडा यंत्र त्या नावापुढे तक्त्यात लिही. ज्याचा जीव गावात गुंतलाय तो गावावर उलटणार नाही, एवढाच त्यातला विचार.

दिगंबर शेलार हा दलाचा नायक. दारोदार फिरून अठ्ठेचाळीस माणसं त्याने उभी केली होती. तक्ते तपासायचं कामही त्याचंच; इतरांच्या तक्त्यांत तो फक्त खालची बेरीज बघे. बायकोचा, रोहिणीचा तक्ता त्याने शेवटी उघडला. ताटातला गोड घास शेवटाला ठेवावा तसा.

दिगंबर शेलार, शून्य. त्याच्या खाली अंकुश ढेबे, एक्क्याण्णव.

दिगंबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंकुश म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी, हसतमुख आणि हाताला गुण असलेला. मागच्याच आठवड्यात त्याने रोहिणीची सौरचूल दुरुस्त करून दिली होती. तेव्हा ती हसली होती. जरा जास्तच हसली होती, असं आता दिगंबरला आठवायला लागलं.

"अंकुश बरा माणूस आहे, नाही?" जेवताना त्याने खडा टाकला.

"भावजी? चांगलेच आहेत की. का हो?"

"काही नाही."

सरळ विचारलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मत्सराला विचारायची लाज वाटते. दिगंबरने पोळी अर्धी टाकली, उठला, आणि चौक्यांच्या पाळ्यांचा कागद पुढे ओढला. खिंडीतली चौकी सगळ्यांत धोक्याची, म्हणून तिथे रोज नवा माणूस जाई. दिगंबरने तिथे सोमवारी अंकुशला धाडलं, मंगळवारी पुन्हा अंकुशलाच, आणि बुधवारीही.

"नायक, माझी पाळी झाली की," अंकुश म्हणाला.

"तुझा आकडा चांगला आलाय. तिथे भरवशाचाच माणूस हवा."

अंकुशची छाती फुगली. तो शीळ घालत खिंड चढून गेला, आणि त्याची ती शीळसुद्धा दिगंबरला सोसवेना.

बुधवारी दुपारी कोंडाबाई आपला तक्ता फडकावत शाळेच्या अंगणात आल्या. साठीच्या होत्या, तरी दलात नाव घालण्यात सगळ्यांच्या पुढे.

"अरे ए नायका, तुझ्या यंत्राला गांजा पाजलाय का कुणी? त्या बबन्यापुढं अठ्ठ्याऐंशी! बांधावरून चाळीस वर्षं भांडतेय मी त्या मेल्याशी! आन् आमच्या ह्यांच्यापुढं भोपळा!"

सगळं अंगण हसलं. दिगंबरही हसला आणि हसता हसता थांबला.

"काकी, काकांचं नाव म्हटलंत का तुम्ही?"

"नवऱ्याचं नाव? आन् ते मी घेऊ?"

"खोलीत होतं कोण ऐकायला?"

"यंत्राला कान न्हाईत व्हय? त्यानं ह्यांचं नाव घेतलं तशी छाती नुस्ती धडधडाया लागली. बसले गप. मग ते म्होरचं नाव बोललं, बबन्याचं. ते म्हटलं मी."

बायकोने नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत इतरत्र कधीच मोडली होती. या खोऱ्यात नव्हती. दिगंबरने दलातल्या सगळ्या लग्न झालेल्या बायकांचे तक्ते काढले. प्रत्येकीचा नवरा शून्य, आणि त्याच्या खालच्या घरातला माणूस ऐंशीच्या वर. न उच्चारलेल्या नावाला यंत्राने शून्य दिलं होतं आणि उसळलेलं रक्त शेजाऱ्याच्या नावावर मांडलं होतं. शहरातून आलेल्या यंत्राला हे कळलं नाही ते ठीक, पण आपण तर इथेच लहानाचे मोठे झालो. त्याला स्वतःची किळस आली.

त्याने वॉकीटॉकी उचलला. "अंकुश, खाली ये. आत्ता, लगेच. अंकुश?"

नुसती खरखर ऐकू आली. मग खिंडीतून गोळीबाराचा आवाज आला, आधी तुटक, नंतर सलग.

दिगंबर बंदूक घेऊन एकटाच चढणीकडे धावत सुटला.

"दिगंबर!"

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. रोहिणी धावत येत होती आणि तिच्या मनगटावर आकडा चमकत होता, अठ्ठ्याण्णव. तीन दिवस तो याच आकड्यासाठी जळत होता, आणि आता त्याला त्याकडे बघवेना.

"एकटे जाऊ नका," तिने धापा टाकत त्याचा दंड धरला. "आम्ही सगळे येतोय." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती थबकली.

"अहो, पण भावजींची पाळी सोमवारीच झाली होती ना? मग आज त्यांना तिथे पाठवलं कुणी?"